धरणी शांत होईपर्यंत

जपान हा बेटांचा देश आहे. त्याच्या चार मोठ्या बेटांपैकी अगदी नैर्ऋत्येकडच्या बेटाला क्यूशू असे म्हणतात. या बेटाच्या मध्यभागी आसो नावाचा विशाल ज्वालामुखी आहे आणि त्याच्या पश्चिमेस कुमामोतो हे शहर वसलेले आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी कातो कियोमासा नावाच्या सरदाराने येथे एक भक्कम किल्ला बांधला. पायथ्याशी उतरते असलेले आणि वर जाता जाता सरळ उभे होणारे त्या किल्ल्याचे दगडी तट हे कुमामोतोच्या नागरिकांचे भूषण होय. शहराच्या पूर्वेस, त्याला लागूनच, माशिकी नावाचे एक लहानसे नगर आहे. जुनी कौलारू घरे, घरांमागे भाजीचे मळे आणि पलीकडे भाताची व गव्हाची शेते, असे हे शांत गाव. २०१६ सालच्या एप्रिल महिन्यात मात्र या गावाचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. त्या दिवसांत तेथील माणसांनी काय सोसले आणि एकमेकांना कसा आधार दिला, ते आपण या पाठात पाहू.

१४ एप्रिलची रात्र होती. ९ वाजून २६ मिनिटे झाली होती. दिवसाची कामे आटोपून माणसे घरोघरी विसावली होती. एकाएकी जमीन हादरली. कपाटे उलथली, भांडीकुंडी फुटली, छपरांवरची कौले घरंगळून रस्त्यावर पडली आणि कित्येक जुनी घरे पाहता पाहता जमीनदोस्त झाली. या भूकंपाची शक्ती सांगणारा अंक ६.५ होता. भूकंपाची एकूण शक्ती मोजली, तरी तेवढ्याने प्रत्येक गावी जमीन किती जोराने हलली हे कळत नाही. म्हणून जपानमध्ये त्यासाठी शून्यापासून सातपर्यंत निराळी श्रेणी ठरवलेली आहे. सात ही तिची शेवटची पायरी. जमीन इतकी हादरली, की माणसाला उभे राहणेच काय, पण रांगणेही कठीण होते. त्या रात्री माशिकी येथे सातची नोंद झाली. नऊ माणसे प्राणास मुकली.

लोकांनी ती रात्र मैदानांत आणि शाळांच्या पटांगणांत जागून काढली. उजाडल्यावर ते आपापल्या घरी परतू लागले. कोणी फुटलेल्या काचा वेचल्या, कोणी पडलेली कपाटे उभी केली, कोणी छपराची डागडुजी सुरू केली. मोठ्या भूकंपामागून लहान लहान धक्के येत राहतात, हे जपानमधील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यांना भूकंपोत्तर धक्के असे म्हणतात. अशा धक्क्यांपासून सावध राहा, अशी सूचना सरकारी हवामान संस्थेनेही दिली होती. परंतु ‘भूकंपोत्तर’ हा शब्द ऐकून अनेकांनी मनाशी असा अर्थ लावला, की मोठे संकट होऊन गेले. आता जे येईल ते त्याहून लहानच असणार. दोन दिवसांच्या शिणाने डोळे जड झाले होते. १५ तारखेच्या रात्री कित्येक कुटुंबे आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर झोपी गेली.

१६ एप्रिलच्या पहाटेपूर्वी, १ वाजून २५ मिनिटांनी, धरणी पुन्हा हादरली. या वेळचा अंक ७.३ होता. ६.५ आणि ७.३ यांत दिसायला फारसे अंतर नाही. पण भूकंपाच्या मोजमापात एका अंकाची वाढ म्हणजे सुमारे बत्तीसपट ऊर्जा. त्या हिशेबाने हा दुसरा भूकंप पहिल्याच्या सुमारे सोळापट मोठा होता. माशिकी येथे पुन्हा सातची नोंद झाली. एकाच ठिकाणी, अवघ्या अठ्ठावीस तासांच्या अंतराने, श्रेणीची ही शेवटची पायरी दोनदा गाठली गेल्याचे तोवर जपानमध्ये कधी आढळले नव्हते. पहिल्या धक्क्याने खिळखिळी झालेली घरे दुसऱ्या धक्क्याने कोसळली. आसोच्या बाजूला डोंगराचा मोठा कडा ढासळला आणि दरीवरचा आसोचा मोठा पूल नाहीसा झाला. ज्याला लोक मुख्य भूकंप समजत होते, तो केवळ अग्रदूत ठरला.

असे का घडले? भूकवचातील खडक अखंड नसतात. त्यांत जागोजागी लांबच लांब भेगा असतात. अशा भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक विरुद्ध दिशांना रेटले जात असतात. पण एकमेकांत अडकून बसल्यामुळे ते हलत नाहीत. ताण साठत जातो. शेवटी तो असह्य झाला, म्हणजे खडक झटक्यासरशी सरकतात आणि भूकंप होतो. मात्र सारे खडक एकाच क्षणी आपल्या नव्या जागी नीट बसत नाहीत. एका ठिकाणचा ताण सुटला, की शेजारचा वाढतो. तेथील खडक मग सरकतात. भूकंपोत्तर धक्के येतात ते यामुळे. कुमामोतोजवळ अशा दोन भेगा आहेत. एकीचे नाव हिनागु आणि दुसरीचे फुतागावा. १४ तारखेला हिनागु भेगेवरचे खडक सरकले. दोन दिवस उलटण्यापूर्वीच शेजारची, अधिक मोठी फुतागावा भेग जागी झाली. माशिकीतील एका शेतात याची खूण आजही पाहायला मिळते. तेथील सरळ बांध मध्येच तुटला असून त्याचा एक भाग दुसऱ्यापासून सुमारे दोन मीटर बाजूला सरकला आहे. जपान सरकारने ते शेत राष्ट्रीय ठेवा म्हणून राखून ठेवले आहे.

या अनुभवातून जपानच्या शास्त्रज्ञांनी एक मोलाचा धडा घेतला. मोठ्या भूकंपानंतर लगेच ‘भूकंपोत्तर धक्के’ हा शब्द वापरला, तर लोक निर्धास्त होतात, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्याच वर्षी भूकंपविषयक सरकारी समितीने सूचना देण्याची पद्धत बदलली. आता मोठा भूकंप झाला, म्हणजे ‘साधारण आठवडाभर याच तोडीचा धक्का पुन्हा येऊ शकतो, सावध राहा’ असे लोकांना सांगितले जाते. शास्त्रात एक शब्द चुकीचा नसला, तरी ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ चुकीचा उमटू शकतो. जेथे प्राणांशी गाठ असते, तेथे शब्दही तोलूनमापून वापरावा लागतो.

त्या अठ्ठावीस तासांत माशिकीमध्ये घडलेली एक घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या धक्क्यानंतर गावातील मोठ्या व्यायामशाळेकडे लोकांची रीघ लागली. तिचे मुख्य दालन एवढे प्रशस्त, की शेकडो माणसे तेथे सहज निजली असती. परंतु त्या दालनाच्या छताला धक्क्याने इजा झाली होती. व्यायामशाळेची देखरेख करणाऱ्या मंडळींनी ते पाहिले आणि दालन बंद ठेवण्याचे ठरवले. बाहेर थंडी होती, म्हातारीकोतारी माणसे ओसरीवर आणि वाटांवर दाटीवाटीने बसली होती. ‘एवढी मोठी जागा मोकळी असताना आम्हाला आत का घेत नाही?’ असा प्रश्न लोकांनी विचारणे स्वाभाविक होते. नकार देणाऱ्यांनाही तो नकार गोड वाटला नसेल. पण ते आपल्या निर्णयावर ठाम राहिले. १६ तारखेच्या मुख्य धक्क्यात त्या दालनाच्या छताचे जड तुकडे धडाधड जमिनीवर कोसळले. खाली कोणीही नव्हते. दार उघडणे ही जशी मदत असते, तशी वेळप्रसंगी दार बंद ठेवणे हीसुद्धा मदतच असते. मात्र त्यासाठी लोकांचा रोष पत्करण्याचे धैर्य अंगी असावे लागते.

किल्ल्याचीही मोठी हानी झाली. चारशे वर्षांचे तट ठिकठिकाणी ढासळले. ईदामारू नावाच्या बुरुजाखालचे दगड तर दोन्ही बाजूंनी निखळून पडले आणि कोपऱ्यातील दगडांच्या एकाच उभ्या रांगेवर तो बुरूज तोलून राहिला. पुढे पोलादी आधार देऊन तो सावरेपर्यंत, येणाऱ्या प्रत्येक धक्क्याबरोबर आता तो पडणार असे वाटे. पण तो पडला नाही. संकटात सापडलेले कुमामोतोचे नागरिक त्या बुरुजाकडे पाहून आपल्या मनाला धीर देत.

आणि धीराची गरज पदोपदी भासत होती. कारण धरणी शांत होण्याचे नाव घेत नव्हती. पुढील सहा महिन्यांत माणसाला जाणवतील असे सुमारे चार हजार धक्के बसले. पहिल्या दिवसांत तर तास-दोन तासही निर्वेध जात नसत. जेवताना, वाचताना, झोपेत, केव्हाही जमीन थरथरे. धक्का येण्यापूर्वी काही क्षण भ्रमणध्वनी कर्कश आवाजात इशारा देई. कधी इशाऱ्याच्या आधीच धक्का येई. कित्येकांना जमीन स्थिर असतानाही ती हलत असल्याचा भास होऊ लागला. बोटीतून उतरल्यावर काही वेळ पाय डुगडुगतात, तसा हा प्रकार. जपानी भाषेत त्याला ‘भूकंपाची झिंग’ अशा अर्थाचा शब्दच आहे. अशा वेळी काही जण पेल्यातील पाण्याकडे किंवा टांगलेल्या दिव्याकडे पाहत. पाणी स्थिर असले, म्हणजे हा आपल्या मनाचा खेळ आहे, अशी त्यांची खात्री पटे.

हे धक्के कधी थांबणार, हा प्रश्न लहानथोर सर्वांच्या ओठांवर होता. या प्रश्नाचा पहिला शास्त्रीय विचारही एका जपानी विद्वानानेच केला आहे. २८ ऑक्टोबर १८९१ रोजी जपानच्या मध्यभागी नोबी येथे प्रचंड भूकंप झाला. त्यानंतरच्या धक्क्यांची मोजदाद फुसाकिची ओमोरी नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने चिकाटीने केली आणि १८९४ साली एक नियम मांडला. भूकंपानंतर जसजसे दिवस जातात, तसतशी धक्क्यांची संख्या त्या प्रमाणात घटत जाते. समजा, पहिल्या दिवशी शंभर धक्के बसले. तर दहाव्या दिवशी ते साधारण दहा असतील आणि शंभराव्या दिवशी साधारण एक. ओमोरीचा हा नियम आजही जगभर वापरला जातो. त्यात दिलासा आहे आणि इशाराही आहे. दिलासा असा, की धक्के कमी होणार हे निश्चित. इशारा असा, की ते सावकाश कमी होत जातात. एकाएकी संपत नाहीत. ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानला ९.० एवढ्या शक्तीचा भूकंप झाला व त्यानंतर आलेल्या सागरी लाटांनी हाहाकार उडवला. त्याचा मागोमाग आलेला एक जोरदार धक्का १३ फेब्रुवारी २०२१ रोजी, म्हणजे जवळजवळ दहा वर्षांनी, फुकुशिमाच्या किनाऱ्याजवळ बसला!

कुमामोतो प्रांतात दुसऱ्या धक्क्यानंतर एक लाख ऐंशी हजारांहून अधिक लोक आश्रयस्थानांत आले. शिवाय कित्येकांना छताखाली झोपण्याचीच धास्ती वाटू लागली. घर उभे असूनही ते आपल्या मोटारीत झोपत. मैदाने आणि दुकानांसमोरच्या मोकळ्या जागा अशा मोटारींनी भरून गेल्या. मोटारीत छप्पर कोसळण्याचे भय नव्हते, हे खरे. पण तेथे निराळाच शत्रू दबा धरून बसला होता. रात्रीमागून रात्री पाय दुमडून बसल्या जागी झोपले, की पायांतील रक्त साकळते. त्याची गुठळी फुप्फुसापर्यंत गेली, तर माणूस दगावतो. आश्रयस्थानांतही शीण, अपुरी झोप आणि काळजी यांनी वृद्ध व आजारी माणसांची प्रकृती ढासळू लागली. या भूकंपात घरे व दरडी कोसळून प्रत्यक्ष ५० माणसे मृत्यू पावली. परंतु नंतरच्या हालअपेष्टांमुळे जे दगावले त्यांची संख्या दोनशेहून अधिक भरली. मुलांनो, हे आकडे पुन्हा एकदा वाचा. भूकंपाच्या त्या काही क्षणांनी जितके बळी घेतले, त्याच्या चौपट बळी पुढील काळाने घेतले. पडणाऱ्या भिंतीला अडवणे माणसाच्या हाती नसते. पण हे मागाहूनचे मृत्यू टाळणे पुष्कळ अंशी माणसाच्या हाती असते. म्हणूनच मदतीचे खरे काम भूकंप झाल्यावर सुरू होते आणि ते दीर्घकाळ चालू ठेवावे लागते.

हे काम कसे चालले, ते आता पाहू. दुसऱ्या धक्क्यानंतर कुमामोतो शहरातील एका विद्यालयाच्या पटांगणावर लोकांनी खुर्च्या ओळीने मांडून मोठमोठी अक्षरे तयार केली. कागद, पाव आणि पाणी हवे आहे, असा निरोप त्यांनी आकाशातून जाणाऱ्या हेलिकॉप्टरांसाठी लिहिला होता. तो निरोप वरून दिसला, त्याची छायाचित्रे देशभर पोहोचली आणि मदत आली. काय हवे ते स्पष्ट सांगणे, हेही संकटकाळी एक कौशल्यच आहे.

याउलट, बोलण्याने केवढा अनर्थ होतो, याचेही उदाहरण घडले. पहिल्या धक्क्याच्या रात्री दूरच्या एका तरुणाने रस्त्यावरून फिरणाऱ्या सिंहाचे छायाचित्र प्रसिद्ध केले आणि कुमामोतोच्या प्राणिसंग्रहालयातून सिंह सुटल्याची आवई उठवली. ते छायाचित्र परदेशातले होते आणि सिंह पिंजऱ्यातच होता. पण भयभीत नागरिकांचे शंभरावर दूरध्वनी प्राणिसंग्रहालयात खणखणले. तेथील कर्मचारी स्वतः धक्के सोसत प्राण्यांची काळजी घेत होते. त्यांना ते सोडून उत्तरे देत बसावे लागले. पुढे पोलिसांनी त्या तरुणाला अटक केली. ज्याने कोणाच्या अंगावर बोटही उगारले नाही, त्याच्या थट्टेनेही संकटग्रस्तांच्या दुःखात भर पडली.

आश्रयस्थानांत शेकडो कुटुंबे एकाच दालनात राहत. कपडे बदलायला आडोसा नाही, आजाऱ्याला निवांतपणा नाही, अशी स्थिती होती. शिगेरु बान नावाच्या प्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञाने त्यावर साधा उपाय योजला. कागदाच्या जाड नळ्यांचे खांब आणि तुळया जोडून त्यांवर त्याने कापडी पडदे सोडले. खिळा नको, हातोडा नको. घटकाभरात खोली तयार! हलक्या कागदाचे हे खांब धक्क्याने पडले, तरी कोणाला इजा होण्याचे भय नसे. याच बान यांनी १९९५ साली कोबे येथे आणि २००१ साली आपल्या देशातील भुज येथे भूकंपग्रस्तांसाठी कागदी नळ्यांच्या भिंतींची घरे बांधली होती. भुजच्या घराच्या पायात त्यांनी पडलेल्या इमारतींचे दगडगोटे वापरले.

बाहेरगावांहून स्वयंसेवकांचे थवे येऊ लागले. त्यांनी वाटेल तेथे जाऊन वाटेल ते काम करावे, अशी तेथे रीत नाही. गावोगावची समाजकल्याण परिषद एक स्वयंसेवक केंद्र उघडते. ज्याच्या घरी मदत हवी असेल तो तेथे आपली अडचण नोंदवतो आणि केंद्र त्यानुसार माणसे पाठवते. स्वयंसेवकाने आपले अन्न, पाणी व निवारा यांची सोय स्वतःच करावी, असा दंडक आहे. संकटग्रस्तांच्या तुटपुंज्या शिध्यात त्याने वाटेकरी होता कामा नये. त्यापूर्वी तज्ज्ञ माणसे प्रत्येक घर तपासून दारावर कागद चिकटवतात. हिरवा कागद म्हणजे घर सुरक्षित, पिवळा म्हणजे सावधगिरीने जावे आणि तांबडा म्हणजे आत पाऊल टाकू नये. माशिकीच्या कित्येक दारांवर तांबडा कागद लागला. धक्के चालूच असल्यामुळे स्वयंसेवकांना अशा घरांत जाण्याची मनाई होती. कितीही कळवळा आला, तरी त्यांना उंबरठ्याबाहेर थांबावे लागे. कारण मदतीला आलेला माणूसच ढिगाऱ्याखाली सापडला, तर त्यालाच सोडवण्यासाठी दुसऱ्यांना जीव धोक्यात घालावा लागतो.

मग ते काय करत? रस्त्यावर पडलेली कौले उचलत, मोडके सामान वेगवेगळे लावत, जून महिन्याच्या पावसापूर्वी छपरांवर निळी ताडपत्री पसरण्यासाठी कसबी माणसांना हातभार लावत. परिचारिका मोटारींच्या रांगांतून फिरत आणि काचेवर टिचकी मारून लोकांना बाहेर बोलावत. ‘थोडे चाला, पाणी प्या, पाय ताणा’ असे त्या परोपरीने विनवत. सकाळी नभोवाणीच्या तालावर आबालवृद्ध मिळून व्यायाम करत. मुले पाण्याच्या बाटल्या वाटत, वृद्धांना जेवणाचे ताट नेऊन देत. काही ठिकाणी विद्यार्थी घमेल्यात ऊन पाणी घेऊन आजीआजोबांचे पाय त्यात बुडवत आणि त्यांचे हात हलकेच चोळत. कोबेच्या भूकंपाच्या वेळी सुरू झालेली ही पद्धत आहे. पायांना ऊब मिळाली, हातांना स्पर्श झाला, की मनात कोंडलेले दुःख आपोआप बोलते होई. विद्यार्थ्याने उपदेश करायचा नसे. नुसते ऐकायचे असे.

कोबेचे नाव वर दोनदा आले आहे. त्याचे कारण असे, की परस्परसाहाय्याच्या या परंपरेची मोठी पाठशाळा तेथेच भरली. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे कोबे शहरास व त्यासमोरील आवाजी बेटास भूकंपाने ग्रासले आणि ६,४३४ माणसे मरण पावली. ढिगाऱ्याखालून जे वाचले, त्यांतील बहुतेकांना घरच्या माणसांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले. आवाजी बेटावरील होकुदान या गावी तर कोणाच्या घरात कोण कोठे झोपते, हे शेजाऱ्यांना ठाऊक होते. त्यामुळे कोठे खणावे याची शोधाशोध करावी लागली नाही. सुमारे तीनशे माणसांना त्यांनी बाहेर काढले आणि त्याच दिवशी गावातील प्रत्येकाचा ठावठिकाणा लागला. पुढे वर्षभरात देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या स्वयंसेवकांची गणती तेरा लाखांवर गेली. जपानी लोक १९९५ सालाला स्वयंसेवेचे पहिले वर्ष मानतात.

२०११ साली ईशान्य जपानवर आपत्ती कोसळली, तेव्हा भारतानेही आपला वाटा उचलला. ब्लँकेटे आणि अन्न तर पाठवलेच; शिवाय राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या ४६ जवानांची तुकडी मियागी प्रांतातील ओनागावा येथे गेली. कडाक्याच्या थंडीत तिने लाटांनी उद्ध्वस्त केलेल्या वस्तीत शोधकार्य केले. परदेशी जाऊन काम करण्याचा त्या दलाचा तो पहिलाच प्रसंग होता.

जपानी भाषेत एक सुंदर कल्पना आहे. ज्याने उपकार केले त्याचीच परतफेड करता येते असे नाही. तो उपकार पुढच्या गरजवंताकडे पाठवावा. कोबेवर संकट आले, तेव्हा साऱ्या देशाने मदत केली. २०११ साली कोबेची अनुभवी माणसे ईशान्येकडे धावली. २०१६ मध्ये ईशान्येकडच्या सेंदाईची माणसे कुमामोतोला आली. आणि १ जानेवारी २०२४ रोजी, नववर्षाच्या दिवशीच, नोतो द्वीपकल्पात ७.६ शक्तीचा भूकंप झाला, तेव्हा कुमामोतोची माणसे तेथे जाऊन पोहोचली. आश्रयस्थान कसे चालवावे, मोटारीत झोपणाऱ्यांना कसे सांभाळावे, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. ज्या मैदानांत त्यांनी स्वतः रात्री जागून काढल्या, तेथेच ते त्यांनी शिकून घेतले होते.

कुमामोतोची जखम आता भरत आली आहे. दरीवर नवा पूल बांधला गेला आणि मार्च २०२१ मध्ये तो खुला झाला. किल्ल्याचा मुख्य मनोराही त्याच वर्षी पुन्हा दिमाखाने उभा राहिला. तटांचे काम मात्र संपलेले नाही. ढासळलेल्या प्रत्येक दगडावर क्रमांक घालून तो त्याच्या मूळ जागी बसवला जात आहे. हे काम २०५२ सालापर्यंत चालेल, असा अंदाज आहे. भूकंपाच्या वेळी जी मुले तुमच्याएवढी होती, ती तोवर पन्नाशीकडे झुकलेली असतील. धरणीचे धक्के जसे सावकाश ओसरतात, तशी मदतही दीर्घकाळ करत राहावी लागते. पहिल्या दिवशी धावून जाणारे पुष्कळ असतात. शंभराव्या दिवशी जो दार ठोठावून ‘कसे आहात?’ असे विचारतो, त्याचे मोल फार मोठे.

शब्दार्थ

श्रेणी – पायऱ्यांची चढती रांग. अग्रदूत – पुढे येऊन सूचना देणारा. निर्धास्त – काळजी नसलेला. रीघ – सतत चाललेली ये-जा. निर्वेध – अडथळ्यावाचून. आवई – खोटी बातमी. दंडक – पक्का नियम. वास्तुशिल्पज्ञ – इमारतींची रचना करणारा. आबालवृद्ध – लहानांपासून वृद्धांपर्यंत सर्व.

अभ्यास

१. एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) माशिकी येथील कोणती गोष्ट तोवर जपानमध्ये कधी घडली नव्हती?
(आ) ओमोरीच्या नियमात दिलासा कोणता व इशारा कोणता?
(इ) दारावरील तांबड्या कागदाचा अर्थ काय?

२. कारणे सांगा.
(अ) सरकारी समितीने सूचना देण्याची पद्धत बदलली.
(आ) व्यायामशाळेचे मुख्य दालन बंद ठेवण्यात आले.
(इ) परिचारिका मोटारींत झोपणाऱ्यांना बाहेर बोलावत.
(ई) होकुदान येथे माणसे लवकर सापडली.

३. ‘दार बंद ठेवणे हीसुद्धा मदतच असते.’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे आठदहा ओळींत स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : जमीनदोस्त होणे, दबा धरून बसणे, रोष पत्करणे, हातभार लावणे, आवई उठवणे.

५. संधी सोडवा : भूकंपोत्तर, परस्परसाहाय्य यांपैकी ज्या शब्दात संधी आहे तो. दुसऱ्या शब्दाचा समास ओळखा.

६. उपक्रम : कोयनेचा १९६७ चा किंवा किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्यांना आठवतो, अशा वडीलधाऱ्या माणसाला भेटा. भूकंपानंतरचे दिवस त्यांनी कसे काढले आणि त्यांना कोणाची मदत झाली, ते विचारून लिहून काढा.